झिलईवर पुन्हा पुन्हा येणारे केसतडे : कारण ओळखण्याची आणि सूत्र दुरुस्त करण्याची पद्धत

तक्रार बहुतेक वेळा एकाच प्रकारे मांडली जाते. भांड्याच्या झिलईवर केसासारख्या बारीक तड्यांची जाळी, म्हणजे क्रेझिंग, दिसू लागते. कोणीतरी क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका, वाढवण्याचा सल्ला देते. तो पाळल्यावर एक-दोन भट्ट्या निर्दोष निघतात. आणि नंतर त्याच रेसिपीवर, त्याच मातीवर, त्याच कोनाला (भट्टीत ठेवलेला, ठरावीक उष्णतेला वाकणारा मापक शंकू) तडे परत येतात. सोलापूर परिसरात स्टोनवेअरचे (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या मातीचे) किंवा लाल मातीचे काम करून झिलईच्या रसायनाचा वरच्या पातळीवर अभ्यास करू पाहणाऱ्यांकडून मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. हे तडे सूत्र न कळल्यामुळे परत येत नाहीत. सूत्राला हात घालण्याआधी तडा नेमका केव्हा पडला हे विचारलेच जात नाही, म्हणून ते परत येतात, असे माझे ठाम मत झाले आहे. तड्याची वेळ समजली की कारणांची यादी निम्म्याहून लहान होते, आणि ती न समजता केलेला कोणताही उपाय योगायोगानेच लागू पडतो.

मूळ यंत्रणा थोडक्यात सांगतो. भट्टी थंड होत असताना झिलई एका टप्प्यावर द्रवातून घट्ट काचेत बदलते आणि तेथून पुढे ती व खालची माती एकमेकींना चिकटून आकसतात. झिलई मातीपेक्षा जास्त आकसू पाहत असेल तर ती ताणाखाली येते. किंचित कमी आकसत असेल तर दाबाखाली राहते. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फारच थोडा सोसते, म्हणून झिलई नेहमी किंचित दाबाखाली असावी एवढेच साध्य असते. दाब अति झाला तर उलटा दोष येतो, कडांवरून आणि कानांवरून झिलईचे पापुद्रे सुटतात. तो दोष तड्यांपेक्षा घातक आहे, कारण काचेची कपची खाण्यात जाऊ शकते. झिलई ताणाखाली येण्याचे मात्र तीन वेगळे मार्ग आहेत: झिलईच जास्त आकसणारी असणे, माती अपेक्षेपेक्षा कमी आकसणे, आणि भट्टीतून निघाल्यानंतर माती ओलावा शोषून हळूहळू फुगणे. तिन्हींचे चित्र पृष्ठभागावर सारखेच दिसते, पण तिन्हींची औषधे एकमेकांना चालत नाहीत.

तडा केव्हा पडला

भट्टी उघडताना किंवा भांडे हातात घेतल्यावर लगेच किणकिण असा आवाज येत असेल आणि जाळी दाट असेल, तर झिलई व माती यांच्या प्रसरणात (जी वस्तू तापताना जास्त प्रसरते, ती गार होताना जास्त आकसते) मोठी तफावत आहे. जाळीतील अंतर हे ताणाचे साधे माप आहे: घरे जितकी लहान, तितका ताण मोठा. या वेळी एक गोष्ट आधी वगळावी लागते, ती म्हणजे भट्टी फार लवकर उघडणे. मातीत क्रिस्टोबलाइट (सिलिकेचा एक स्फटिकी प्रकार) तयार झालेले असेल तर साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसच्या आसपास ते एकदम आकसते, आणि त्याच सुमारास झाकण उघडून गार हवा आत घेतली की निर्दोष सूत्रही तडकू शकते. भांडी १०० अंशांच्या खाली येईपर्यंत थांबून एक भट्टी काढावी आणि मगच सूत्राबद्दल बोलावे.

भांडे चार-आठ दिवस चांगले राहून नंतर सुट्या सुट्या लांब रेषा दिसू लागल्या, तर तफावत थोडी आहे. झिलई शून्याच्या जवळपास उभी आहे आणि गरम चहा, थंड पाणी अशा नेहमीच्या वापरातील धक्क्यांनी ती सीमा ओलांडते. बहुतेक सूत्रे याच गटात मोडतात आणि त्यांची दुरुस्ती सर्वात सोपी असते.

तिसरा प्रकार महिन्यांनी दिसतो. फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत सोलापुरात केलेली भांडी शेल्फवर स्वच्छ दिसतात आणि पावसाळ्यात, किंवा मुंबई-रत्नागिरीकडच्या दमट हवेत गेल्यावर, तडकू लागतात. येथे झिलईचे सूत्र बदलून फारसा उपयोग होत नाही, कारण बिघाड मातीत आहे. पूर्ण न भाजलेल्या सच्छिद्र मातीतील काचमय आणि अस्फटिकी भाग पाण्याची वाफ हळूहळू शोषतात, माती किंचित फुगते, आणि झिलईवर असलेला दाब संपून ताण सुरू होतो. या उशिरा येणाऱ्या तड्यांचा संबंध ओलाव्याशी आहे हे अमेरिकेत १९२० च्या दशकात दाखवले गेले. १९२८ मध्ये एच. जी. शुरेख्ट यांनी मातीच्या या फुगण्यातून येणारे तडे तपासण्याच्या पद्धती मांडल्या, आणि वाफेच्या दाबाखालील चाचणी आजही फरशीच्या मानकात आहे. आयएसओ १०५४५ च्या अकराव्या भागात फरशी ५०० किलोपास्कल दाबाच्या वाफेत, सुमारे १५९ अंशांना, २ तास ठेवतात.

कारणे वेगळी करणारी चाचणी

एकाच भट्टीतून, एकाच रकान्यातून काढलेले, सारख्या जाडीची झिलई असलेले किमान ६ नमुने घ्यावेत आणि त्यांचे तीन जोड करावेत. पहिला जोड उकळत्या पाण्यात ३ मिनिटे आणि लगेच बर्फाच्या पाण्यात ३ मिनिटे अशा क्रमाने वारंवार घालावा आणि प्रत्येक फेरीनंतर शाईने पृष्ठभाग पुसून पाहावा. दुसरा जोड प्रेशर कुकरमध्ये जाळीवर, पाण्याला न टेकता, वाफेत ठेवावा; घरगुती कुकरमध्ये दाब हवेच्या दाबापेक्षा सुमारे एक बार जास्त आणि तापमान १२० अंशांच्या आसपास असते, म्हणून मानकातील चाचणीपेक्षा ही सौम्य आहे आणि तिला अनेक फेऱ्या द्याव्या लागतात. कुकर आपोआप पूर्ण गार होईपर्यंत उघडू नये. घाई केली तर वाफेच्या परिणामात तापमानाचा धक्का मिसळतो आणि चाचणी निरर्थक होते; शिवाय गरम काचेची कपची डोळ्यात जाण्याचा धोका आहे. तिसरा जोड कोरड्या बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, तुलनेसाठी ठेवावा.

पहिला जोड तडकला आणि दुसरा टिकला, तर प्रश्न तापीय प्रसरणाचा आहे. पहिला टिकला आणि दुसरा तडकला, तर प्रश्न मातीतील ओलाव्याचा आहे. दोन्ही तडकले तर दोन्ही कारणे आहेत, आणि अशा वेळी आधी माती दुरुस्त करावी, झिलई नंतर. उलट क्रमाने गेल्यास झिलईचे सूत्र अकारण टोकाला न्यावे लागते. याला जोडून मातीची पाणी शोषण्याची टक्केवारीही काढावी: झिलई नसलेला भाजलेला तुकडा कोरडा तोलून, ५ तास उकळून, त्याच पाण्यात २४ तास ठेवून, पुसून पुन्हा तोलायचा. स्टोनवेअर म्हणून विकली जाणारी माती ३ टक्क्यांपेक्षा बरेच जास्त पाणी शोषत असेल, तर ती त्या कोनाला पिकलेलीच नाही.

झिलई दाबाखाली आहे की ताणाखाली, हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मातीची पातळ, लांब पट्टी करून तिच्या एकाच बाजूला जाड झिलई द्यावी आणि दोन टोकांवर आधार देऊन भाजावी. गार झाल्यावर पट्टी झिलईच्या बाजूने फुगीर झाली तर झिलई दाबाखाली आहे, त्या बाजूने खोलगट झाली तर ताणाखाली. भाजताना पट्टी स्वतःच्या वजनाने वाकते, म्हणून बिनझिलईची जोडपट्टी शेजारी ठेवणे आवश्यक आहे. डायलॅटोमीटर (प्रसरण मोजण्याचे यंत्र) हाताशी नसताना यापेक्षा बोलका पुरावा मला माहीत नाही.

सूत्र : वजनाच्या टक्क्यांतून मोलच्या प्रमाणात

प्रश्न झिलईच्या प्रसरणाचा आहे असे ठरल्यावरच सेगर सूत्राकडे वळावे. हेर्मान सेगर (१८३९–१८९३) या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने झिलईतील ऑक्साइडे मोलच्या, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या, प्रमाणात मांडून अभिवाहांची, म्हणजे वितळायला मदत करणाऱ्या फ्लक्सची, बेरीज १ धरण्याची पद्धत रूढ केली. भट्टीतील कोनही त्यानेच प्रचारात आणले. वजनाच्या रेसिपीकडे पाहून दोन झिलयांची तुलना करता येत नाही, कारण चुनखडीचे ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून जाते आणि चिनी मातीचे सुमारे १४ टक्के पाणी म्हणून.

उदाहरण म्हणून कोन १० ची एक साधी झिलई घेऊ: पोटॅश फेल्डस्पार ६०, चुनखडी १५, चिनी माती ५, क्वार्ट्झ २०. फेल्डस्पारचा रेणुभार ५५६.७, चुनखडीचा १००.१, चिनी मातीचा २५८.२ आणि क्वार्ट्झचा ६०.१ धरून, सर्व खनिजे आदर्श शुद्धतेची आहेत असे मानले, तर पोटॅशियम ऑक्साइड ०.४२, कॅल्शियम ऑक्साइड ०.५८, अ‍ॅल्युमिना ०.४९ आणि सिलिका ३.९५ असे सूत्र मिळते. सिलिका व अ‍ॅल्युमिना यांचे गुणोत्तर ८. ही झिलई नितळ आणि चकचकीत निघेल, आणि बहुतेक स्टोनवेअर मातींवर तडकेल.

आता तिच्याऐवजी फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, चुनखडी २०, चिनी माती १० हे सर्वांना ठाऊक असलेले मिश्रण घेऊ. त्याचे सूत्र पोटॅशियम ०.२६, कॅल्शियम ०.७४, अ‍ॅल्युमिना ०.४१, सिलिका ३.७१ असे येते. येथे अनेक अभ्यासक अडखळतात: क्वार्ट्झ २० वरून ३० वर नेले, तरी सूत्रातील सिलिका ३.९५ वरून ३.७१ वर उतरली. पहिल्या मिश्रणात सिलिकाचा मोठा वाटा फेल्डस्पारमधून येत होता, शिवाय चुनखडी वाढल्याने सूत्राचा पाया असलेली अभिवाहांची बेरीजही वाढली, म्हणून हे घडते. तरीही दुसरे मिश्रण कमी तडकते, कारण अल्कली, म्हणजे येथे पोटॅशियम ऑक्साइड, ०.४२ वरून ०.२६ वर आली. सूत्रातील एकच आकडा पाहून निर्णय घेतला तर दिशा उलटी कळते, आणि 'सिलिका वाढवा' हा सल्ला सूत्राशिवाय दिला जातो तेव्हा नेमके हेच होते.

प्रसरणाचा अंदाज काचेचे संशोधक आप्पेन यांच्या मोल-आधारित गुणांकांनी काढला, तर पहिल्या मिश्रणाचा रेषीय प्रसरणांक सुमारे ७.० आणि दुसऱ्याचा सुमारे ६.४ येतो, एकक दर अंश सेल्सिअसला दशलक्षांश भाग. पहिल्याच मिश्रणात केवळ १० भाग क्वार्ट्झ वरून घातले तरीही आकडा सुमारे ६.४ येतो, पण तेव्हा सिलिका ४.६ वर जाते, वितळ घट्ट होतो आणि क्वार्ट्झ भरड असेल तर तो पूर्ण विरघळत नाही. न विरघळलेले क्वार्ट्झ झिलईच्या काचेत नसते, म्हणून गणितात घट दिसूनही भट्टीत ती मिळत नाही. क्वार्ट्झ ३०० मेशचे घ्यावे आणि ते दळताना किंवा चाळताना एन-९५ दर्जाचा मास्क लावावा. सिलिकोसिस बरा होत नाही.

तिसरा मार्ग मला या दोन्हींपेक्षा पसंत आहे. चुनखडीचा काही भाग काढून मॅग्नेशियम आणावे आणि सिलिकाही वाढवावी: फेल्डस्पार ३८, क्वार्ट्झ ३४, चुनखडी १२, शंखजिरे ६, चिनी माती १०. शंखजिऱ्यातून मॅग्नेशियम आणि सिलिका दोन्ही मिळतात. सूत्र पोटॅशियम ०.२९, कॅल्शियम ०.५१, मॅग्नेशियम ०.२०, अ‍ॅल्युमिना ०.४५, सिलिका ४.७४ असे येते, गुणोत्तर १०.४ होते आणि अंदाजित प्रसरणांक सुमारे ५.४ वर उतरतो. अभिवाहांचे तीन प्रकार एकत्र आल्याने वितळही सुधारतो. मात्र मॅग्नेशियम ०.३ च्या पुढे नेले की पृष्ठभाग लोण्यासारखा मऊ आणि अपारदर्शक होऊ लागतो, आणि कोबाल्टच्या निळ्याला जांभळी छटा येते; नितळ झिलई हवी असेल तर ०.२ वर थांबावे.

आर. टी. स्टल यांनी १९१२ साली पोटॅशियम ०.३ आणि कॅल्शियम ०.७ स्थिर ठेवून फक्त अ‍ॅल्युमिना व सिलिका बदलत केलेल्या मांडणीचा नकाशा या अभ्यासात अजूनही अत्यंत उपयोगी आहे. कमी सिलिकेच्या बाजूला तडकणाऱ्या झिलयांचा पट्टा, गुणोत्तर ५ च्या आसपास मॅटचा (चमक नसलेल्या झिलईचा) प्रदेश आणि त्याच्या पलीकडे चकचकीत झिलयांचा प्रदेश त्यावर स्पष्ट दिसतो. पण तो नकाशा त्याच अभिवाहांसाठी, त्याच मातीवर आणि त्याच कोनाच्या भाजणीसाठी आहे. कोन ६ च्या, म्हणजे साधारण १२२० ते १२४० अंशांच्या, बोरॉनयुक्त झिलईचे आकडे त्यावर ठेवून निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, आणि ही चूक वारंवार होताना दिसते.

अल्कलींबद्दल एक सूक्ष्म गोष्ट. सोडियम सर्वात जास्त प्रसरणारे असे सरसकट सांगितले जाते. वजनाच्या टक्क्यांच्या हिशेबात सोडियम ऑक्साइड पोटॅशियमपेक्षा किंचित वरचढ आहे. पण मोलच्या हिशेबात पोटॅशियमचा गुणांक मोठा आहे. म्हणून 'पोटॅश फेल्डस्पार सोडून सोडा फेल्डस्पार घेतला म्हणून तडे आले' हे विधान गणितात नेहमी टिकत नाही. वजनावर आधारलेले इंग्लिश आणि टर्नर या दोन संशोधकांचे गुणांक आणि मोलवर आधारलेले आप्पेन यांचे गुणांक एकाच तक्त्यात कधीही मिसळू नयेत. कोणत्याही संचातून आलेला आकडा फक्त एकाच कुळातील झिलयांची तुलना करण्यासाठी वापरावा. मॅट झिलईत स्फटिक तयार होतात आणि तेथे काचेचे गुणांक लागूच पडत नाहीत.

बोरॉन हा कमी तापमानाच्या झिलयांसाठी सर्वात मोठा आधार आहे, कारण ते एकाच वेळी वितळवते आणि मर्यादित प्रमाणात प्रसरणही घटवते. टाकणखार पाण्यात विरघळतो, म्हणून तो थेट न वापरता फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) घ्यावी. येथे विश्लेषणाचा कागद मागितल्याशिवाय खरेदी करू नये: एक फ्रिट बोरॉनप्रधान आणि दुसरी सोडियमप्रधान असू शकते, दोन्ही पांढऱ्या भुकटीसारख्याच दिसतात आणि दोन्ही उत्तम वितळतात, पण दुसरी तड्यांचे मूळ ठरते. लिथियमयुक्त स्पोड्युमीनने प्रसरण झपाट्याने घटते; तेवढ्याच झपाट्याने पापुद्रे सुटण्याची सीमाही येते, म्हणून ते अगदी शेवटी आणि अगदी थोडे वापरावे.

दुरुस्ती झाल्यावरही तडे का परततात

आधी कच्चा माल पाहावा. सोलापुरात फेल्डस्पार बहुतेक राजस्थानचे किंवा तेलंगण-आंध्रकडचे येते, आणि खाणीच्या एका थरातून दुसऱ्या थरात गेल्यावर त्यातील मोकळ्या क्वार्ट्झचे प्रमाण बदलते. वर दिलेल्या पहिल्या मिश्रणात फेल्डस्पारमध्ये १० टक्के मोकळे क्वार्ट्झ आहे असे धरून गणित केले, तर सिलिका ३.९५ ऐवजी ४.२७ येते आणि प्रसरणांक ७.० ऐवजी सुमारे ६.६. म्हणजे इतके दिवस अशुद्ध माल झिलईला सांभाळत होता, आणि जास्त दर देऊन घेतलेली शुद्ध गोणी आल्यावर तडे सुरू झाले. व्यापारी खोटे बोलत नसतो, माल खरोखरच चांगला असतो. सूत्र मात्र जुन्या मालावर बसवलेले असते. यावर उपाय एकच: नवी गोणी फोडण्यापूर्वी जुन्या मालाचा किलोभर भाग बाजूला ठेवावा आणि दोन्ही फेल्डस्पारच्या सारख्या वजनाच्या गोळ्या एकाच फरशीवर, एकाच भट्टीत वितळवून पाहाव्यात. नव्या गोळीचा पसारा वेगळा दिसला तर विश्लेषण मागवून सूत्र नव्याने बसवावे.

त्यानंतर झिलईची जाडी, जिच्याकडे येथील हवा आणि पाणी दोन्ही लक्ष द्यायला लावतात. सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. ते झिलईच्या घोळातील मातीचे कण एकमेकांकडे ओढतात, घोळ दह्यासारखा दाट होतो आणि त्याच वेळेच्या बुडवणीत भांड्यावर जाड थर बसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना उघड्या बादलीतील पाणीही दिवसाकाठी लक्षणीय उडते. जाड थरात तडे लवकर येतात, मग सूत्र कितीही नेटके असो. घोळाची घनता रोज बुडवणीपूर्वी मोजावी: १०० मिलिलिटर घोळाचे वजन ज्या आकड्यावर झिलई चांगली बसते, समजा १४५ ग्रॅम, तो आकडा बादलीवरच लिहून ठेवावा. घनता बरोबर असूनही घोळ दाट वाटत असेल तर दोष पाण्याच्या क्षारतेत आहे, आणि तेथे आणखी पाणी ओतण्याऐवजी आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरून नवा घोळ करावा.

भट्टीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. तडे आले की एक कोन वर भाजा, असे सांगितले जाते. लाल मातीच्या सच्छिद्र कामात हा सल्ला पुष्कळदा बरोबर ठरतो, कारण माती जास्त पिकते आणि ओलावा शोषण्याची प्रवृत्ती घटते. स्टोनवेअर आणि पोर्सेलेनमध्ये मात्र तो उलटू शकतो. गार होताना मातीतील मोकळे क्वार्ट्झ ५७३ अंशांना स्फटिकरचनेचा अल्फा-बीटा बदल होऊन आकसते आणि तोपर्यंत घट्ट झालेल्या झिलईवर दाब आणते. तेच क्वार्ट्झ जास्त भाजणीत मातीच्या काचेत विरघळून गेले तर हा दाब नाहीसा होतो आणि पूर्वी न तडकणारी झिलई तडकू लागते. उलट दिशेची चूक विजेमुळे होते. कंट्रोलर नसलेली, तासांच्या हिशेबाने बंद केली जाणारी भट्टी उन्हाळ्यात विजेचा दाब २३० वरून २०७ व्होल्टवर उतरला की फक्त ८१ टक्के शक्तीवर चालते, कारण शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अशी भट्टी ठरलेल्या वेळेत ठरलेल्या कोनाला पोहोचत नाही. माती अर्धवट पिकते आणि तडे महिन्यांनी, ओलाव्याच्या मार्गाने येतात. प्रत्येक भट्टीत वर, मध्ये आणि खाली कोन ठेवून त्यांचा वाक नोंदवणे, हाच यातला विश्वासार्ह साक्षीदार आहे.

लाल माती आणि चुनखडीचा प्रश्न

जिल्ह्यातील काळ्या मातीत, आणि तिच्या शेजारच्या थरांत, चुनखडीचे कंकर सर्वत्र सापडतात. कंकर भरड राहिले तर भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, तो ओलावा घेऊन फुगतो आणि भांड्याचे टवके उडवतो. म्हणून कुंभार कंकर निवडून टाकतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तीच चुनखडी बारीक दळून, बारीक चाळणीतून गाळून, मातीत सर्वत्र सारखी मिसळली, तर कमी तापमानाच्या झिलईसाठी ती मोठी मदत करते. भाजताना कॅल्शियम मातीतील अ‍ॅल्युमिना व सिलिका यांच्याशी जोडले जाऊन स्फटिकरूप होते, ओलावा शोषणारा अस्फटिकी भाग घटतो आणि मातीचे प्रसरण वाढते. झिलई दाबाखाली राहायला दोन्ही गोष्टी पोषक आहेत. युरोपातील मायोलिका आणि फायान्स (अपारदर्शक पांढऱ्या झिलईची मातीची भांडी) करणारे कारागीर चुनायुक्त माती शोधून वापरत, त्यामागचे रसायन हेच आहे. शंखजिरे मातीत मिसळण्याचाही असाच उपयोग होतो.

काळी माती मुख्य घटक म्हणून मात्र घेऊ नये. तिच्यातील स्मेक्टाइट गटाची खनिजे इतकी आकसतात की भांडे वाळतानाच फाटते. तिचा थोडा भाग लवचिकतेसाठी आणि दळलेली चुनखडी मोजून स्वतंत्रपणे, असा मार्ग मला सुरक्षित वाटतो. ५, १० आणि १५ टक्के चुनखडीच्या तीन माती करून तिन्हींवर एकच झिलई देऊन कुकरची चाचणी घेतली, तर कोणत्या प्रमाणापासून उशिरा येणारे तडे थांबतात हे स्पष्ट होते. चुन्याची माती ज्या तापमानाला पक्की होते त्याच्या थोडेच वर गेले की ती एकदम ढासळते, म्हणून ही मालिका ठरलेल्या तापमानाच्या वर नेऊ नये.

तडकलेल्या भांड्यांचे काय करावे

तडकलेले भांडे पुन्हा भाजल्यावर रेषा भरून निघतात आणि भांडे नवे दिसते, पण झिलई व माती यांच्यातील तफावत जशीच्या तशी असल्याने गार होताना किंवा थोड्या दिवसांनी तडे परत येतात. नवी, कमी प्रसरणाची झिलई जुन्या झिलईवर चढवणेही भरवशाचे नाही. दोन्ही काचा एकमेकींत मिसळून सूत्र अनिश्चित होते. सोंग काळातील चिनी गुआन भांड्यांसारखे हेतुपूर्वक तडे हवे असतील तर गोष्ट वेगळी, तेथे तडे सौंदर्यासाठीच असतात.

सच्छिद्र मातीवरच्या तड्यांतून पाणी, तेल आणि अन्नाचे कण आत जातात आणि धुऊन निघत नाहीत. शिवाय झिलई ताणाखाली असलेले भांडे दाबाखालील भांड्यापेक्षा लक्षणीय कमकुवत असते. म्हणून अशी भांडी जेवणासाठी विकू नयेत. त्यांच्यातील दोन-चार नमुने भट्टीचा क्रमांक, फेल्डस्पारची गोणी, घोळाची घनता आणि कोनांचा वाक पाठीवर लिहून जपून ठेवावेत; पुढच्या वेळी तडे दिसले की कोणती गोष्ट बदलली होती हे शोधायला त्यांच्याइतका उपयोगी पुरावा नसतो. बाकीची भांडी कोरड्या वस्तूंसाठी वापरावीत, किंवा बारीक दळून ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) म्हणून मातीत परत मिसळावीत. मात्र झिलईसह दळलेली ग्रॉग कोन १० च्या मातीत घालू नये, कारण त्या तापमानाला तिच्यातील काच वितळून मातीचे सूत्र बदलते.